कर्ज लवकर फेडा, पण अंगावर काढून नको



वस्तीत रक्तदाब तपासायला बसले की एक प्रश्न मी प्रत्येकीला विचारते, "गोळी रोज घेता ना?" नवरा गेलेला आहे, पदरात शिकणारी मुले आहेत आणि घराचा हप्ता चालू आहे, अशा बायांकडून उत्तर बहुतेक सारखेच येते. "घेते ना ताई, एक दिवसाआड." कुणी गोळी अर्धी करते. कुणी तुटलेला चष्मा दोऱ्याने बांधून वापरते. कुणाच्या महिन्यातून पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जाते, तरी ती म्हणते, "पुढच्या महिन्यात दाखवू." कारण विचारले तर एकच असते, "घर मोकळं करायचंय. पोरांच्या डोक्यावर कर्ज ठेवून मरायचं नाही."

ही जिद्द खरी आहे आणि तिला माझा जयभीम आहे. डाळ मिलमध्ये, चटईच्या कारखान्यात, लोकांच्या घरी भांडी घासून, अंगणवाडीत राबून या बाया बँकेचा हप्ता एकटीच्या बळावर भरतात. पण वॉर्डात काम करताना मी याची दुसरी बाजूही पाहिली आहे. गोळ्या टाळून, पोट मारून दहा-बारा हप्ते आधी भरलेले असतात आणि लकव्याच्या एकाच झटक्यात तेवढा पैसा, वर नवी उधारी, दवाखान्यात जाते. हात-पाय गेलेली बाई कामाला जाऊ शकत नाही. मग घरही धोक्यात येते आणि मुलगी शाळा सोडून आईच्या उशाशी बसते.

म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर कर्जाचा विषय घेतला आहे. सांगायचे एवढेच की घरकर्ज लवकर फेडता येते आणि फेडावेही, पण ते औषध, अन्न आणि मुलांचे शिक्षण कापून फेडायचे नाही. त्यासाठी नेमके काय करायचे ते क्रमाने पाहू.

चौथा भाग मोडू नका

अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. कष्टाने मिळवलेले धन असणे, त्याचा योग्य उपभोग घेणे, कुणाचे ऋण नसणे आणि निर्दोष जगणे. म्हणजे कर्जमुक्तीला धम्मात सुखाचे स्थान आहे. पण त्याच बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग संसाराला, दोन भाग कामधंद्याला आणि चौथा भाग संकटासाठी बाजूला.

आजच्या पगारात कुणाला बरोबर चार भाग करता येणार नाहीत. पण संकटाचा भाग वेगळा ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही, हे सूत्र आपल्याला पाळता येते. विधवा आईसाठी तर ते फार महत्त्वाचे आहे. कारण घरात कमावणारी आता ती एकटीच आहे. ती आजारी पडली तर मागे कुणी नाही.

आधी विचारा, कर्ज खरेच तुमच्यावर आहे का?

नवरा गेल्यावर पहिल्या महिन्यात बायका दोन गोष्टी करतात. जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाच्या जेवणावळीसाठी उसनवार करतात आणि बँकेच्या भीतीने हातातले पैसे हप्त्यात भरून टाकतात. दोन्ही थांबवा. पुण्यानुमोदन वंदना आणि खिरीच्या वाटीवरही होते.

बँकेत किंवा गृहवित्त कंपनीत जाऊन तीन कागद मागा. कर्जाचा करारनामा, आजपर्यंतच्या भरण्याचा उतारा आणि कर्जाबरोबर विमा काढला असेल तर त्याची पॉलिसी. घरकर्ज देताना अनेक ठिकाणी कर्जविमा काढलेला असतो आणि त्याचा हप्ता कर्जाच्या रकमेतच मिळवलेला असतो. सह्या करताना कुणी समजावून सांगत नाही, म्हणून घरात कुणाला माहीत नसते. विमा नवऱ्याच्या नावावर असेल तर उरलेले कर्ज पूर्ण किंवा काही प्रमाणात विमा कंपनीने भरायचे असते. दावा लेखी द्या, पोच घ्या. दाव्याचा निकाल लागेपर्यंत जमत असेल तर हप्ता चालू ठेवा, नाही तर "विम्याचा दावा प्रलंबित आहे" असे पत्र बँकेला द्या.

"आजार लपवला होता" असे म्हणून कंपनी दावा नाकारू लागली तर घाबरू नका. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे आयुर्विम्याची पॉलिसी ३ वर्षे चालली की तिच्यावर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही. नकार लेखी मागा आणि विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत तक्रार करा. त्याला वकील लागत नाही, फीही नाही.

आपले येणे शोधा

मग नवऱ्याचे पासबुक घेऊन बसा. मुलगी-मुलगा मोठे असतील तर त्यांनाही बसवा. मे-जूनच्या नोंदी पाहा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना आहे. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी वारसाला २ लाख रुपये मिळतात. २० रुपये कापलेले असतील तर ती सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूसाठी २ लाख. ही नोंद कुणाच्या लक्षातच येत नाही आणि पैसा तसाच राहतो.

नवरा कारखान्यात होता आणि त्याचा भविष्य निर्वाह निधी कापला जात होता, तर निधीच्या रकमेशिवाय विधवेला मासिक पेन्शन आणि ठेवसंलग्न विम्याचे जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत पैसे मिळू शकतात. तो मिस्त्री, रंगारी, सेंट्रिंग कामगार असेल आणि बांधकाम कामगार मंडळात त्याची नोंदणी जिवंत असेल, तर नैसर्गिक मृत्यूला २ लाख, कामावर मृत्यू झाला तर ५ लाख, शिवाय विधवेला वर्षाला २४ हजार रुपये ५ वर्षे अशी तरतूद आहे. भुसावळकडची रेल्वेची कुटुंबे असतील तर कुटुंब निवृत्तिवेतन आणि अनुकंपा नोकरीचा अर्ज वेळेत करा.

दारिद्र्यरेषेखालील घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार रुपये मिळतात, अर्ज तहसील कार्यालयात. संजय गांधी निराधार योजनेत दरमहा १,५०० रुपये आहेत, पण वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असावे लागते. नवरा असतानाचा उत्पन्नाचा दाखला जोडू नका, त्याच्या पश्चात नवा दाखला काढा. वडील गेलेल्या १८ वर्षांखालील मुलांसाठी सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपयांची तरतूद आहे. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तिचा अर्ज होतो. पैसे उशिरा येतात, म्हणून हप्ता त्या भरवशावर ठरवू नका. आले की शाळेला लावा.

घरावर हक्क कुणाचा?

कर्ज फेडण्याआधी हे समजून घेतले पाहिजे. बौद्धांना हिंदू वारसा कायदा १९५६ लागू आहे, कायद्यात बौद्धांचा तसा उल्लेखच आहे. नवऱ्याने स्वकष्टाने घेतलेले घर असेल आणि मृत्युपत्र नसेल तर त्याची विधवा, त्याचे मुलगे, त्याच्या मुली आणि त्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. हे वारस असताना दिराला त्यात वाटा नाही. विधवेने पुन्हा लग्न केले तरी तिला मिळालेला वाटा जात नाही. बाईला मालमत्तेत हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडवले गेले तेव्हा १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आज तुमच्या हातात जो हक्क आहे त्यामागे ही किंमत मोजलेली आहे. तो वापरा.

याचा कर्जाशी संबंध असा. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल आणि तुम्ही तुमच्या कमाईतून सगळे कर्ज फेडले, तरी सासूबाईंचा वाटा त्यात राहतो. सासूबाई तुमच्याबरोबर असतील तर प्रश्न नाही. वाद असेल तर आधी वारस नोंद करा आणि हप्ता, जादा भरणा सगळे स्वतःच्या खात्यातून भरा. दिराच्या हातात रोख देऊन "भरून टाक भाऊ" म्हणू नका. फेडले कुणी, हे उद्या तुमचे पासबुक सांगेल. आणि अल्पवयीन मुलांच्या वाट्याचे घर न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आईलाही नाही आणि काकालाही नाही. घर विकून कर्ज मिटवू म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे सांगा.

तुम्ही कर्जात सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर कर्जाची जबाबदारी तुमची आहे. सही नसेल तर वारस म्हणून जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतीच ती येते.

व्याज कसे खाते

समजा ८ लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले. हप्ता येतो साधारण ७,१९८ रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले ६,००० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटते फक्त १,१९८. पाच वर्षांत ४ लाख ३१ हजारांच्या वर भरून होतात, तरी मुद्दल कमी होते ९० हजारांच्या आसपास. सुमारे ७ लाख १० हजार अजून बाकीच असतात. बायांना वाटते बँकेने फसवले. फसवणूक नसते, सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो. म्हणूनच सुरुवातीच्या वर्षांत भरलेला जादा रुपया फार काम करतो, कारण तो सरळ मुद्दलात जातो.

याच कर्जात पाच वर्षांनी १ लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर उरलेल्या १८० हप्त्यांचे १३५ होतात. ४५ हप्ते कमी. व्याज वाचते सव्वादोन लाखांच्या जवळपास. एक लाख जमत नाहीत? दर महिन्याला फक्त ५०० रुपये जास्त भरले तरी कर्ज सुमारे २२ महिने आधी फिटते आणि ८० हजारांपेक्षा जास्त व्याज वाचते.

बदलत्या व्याजदराचे घरकर्ज असेल आणि ते व्यक्तीच्या नावावर असेल तर मुदतीआधी भरण्याबद्दल दंड घेता येत नाही. गृहवित्त कंपन्यांना हा नियम २०११ पासून आणि बँकांना २०१२ पासून आहे. तुमचे कर्ज स्थिर दराचे आहे की बदलत्या, ते करारात पाहा. पतसंस्थेचे कर्ज असेल तर हे नियम तिथे तसेच लागू होत नाहीत, संस्थेचे नियम लेखी मागा. जादा रक्कम भरताना अर्जावर स्पष्ट लिहा, "ही रक्कम मुद्दलात जमा करावी." नाही तर कधी कधी ती पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून पडून राहते.

एक खबरदारी. शहरी पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात १ सप्टेंबर २०२४ नंतरच्या कर्जाला व्याज अनुदान घेतले असेल, तर ते १ लाख ८० हजारांपर्यंतचे अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत येते आणि त्या वेळी कर्ज चालू असून अर्ध्याहून जास्त मुद्दल बाकी असावी लागते. असे कर्ज घाईने फेडले तर अनुदान बुडेल. आधी बँकेत विचारा.

हातात रक्कम आली तर क्रम कोणता?

विम्याचे, निधीचे दोन-तीन लाख हातात आले की सगळे सल्ला देतात, "घर मोकळं कर." सगळे पैसे घरात घातले की ते परत काढता येत नाहीत. म्हणून हा क्रम ठेवा.

पहिला, सहा महिन्यांचा घरखर्च आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला. हा तुमचा चौथा भाग. तो बँकेत किंवा पोस्टात ठेवा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेत ठेवीदारांचे पैसे कसे अडकले, ते आपण पाहिले आहे. एक-दोन टक्के व्याज जास्त म्हणून आजारपणाचा पैसा जोखमीत टाकू नका.

दुसरा, महागडे कर्ज. महिन्याला शेकडा ५ रुपयांनी घेतलेल्या १ लाखावर वर्षाला ६० हजार व्याज होते. घरकर्जाच्या १ लाखावर ९ हजार. म्हणजे घरकर्ज हे तुमच्या सगळ्या कर्जांत स्वस्त आहे. सावकार, मग गटाच्या नावाने आठवड्याला वसुली करणाऱ्या कंपन्या, मग सोनेतारण, आणि सगळ्यात शेवटी घर, असे फेडा. परवाना नसलेली सावकारी महाराष्ट्र सावकारी कायदा २०१४ नुसार गुन्हा आहे, त्याला ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सावकाराने घर लिहून घेतले असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करा.

तिसरा, यातून उरेल ते घरकर्जात.

मुदत कमी की हप्ता कमी?

जादा रक्कम भरली की दोन वाटा असतात. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायची किंवा मुदत तीच ठेवून हप्ता कमी करायचा. वरच्याच उदाहरणात १ लाख भरून हप्ता कमी केला तर तो ७,१९८ वरून सुमारे ६,१८४ होतो. यात व्याज वाचते ८० हजारांच्या वर, म्हणजे मुदत कमी करण्यापेक्षा बरेच कमी. म्हणून हिशेब जाणणारे लोक सरसकट सांगतात, मुदतच कमी करा.

एकट्या आईला मी सरसकट तसे सांगत नाही. नवऱ्याची कमाई बंद झाली आहे आणि आजचा हप्ता दोघांच्या कमाईवर ठरलेला आहे. तो पेलताना दूध बंद होत असेल, गोळी अर्धी होत असेल, तर आधी हप्ता कमी करून घ्या. महिन्याला सुटलेल्या हजार रुपयांत औषध, डाळ आणि मुलाचा बसपास येतो. दोन-तीन वर्षांत काम स्थिरावले, मुलगा-मुलगी कमावते झाले की ५००-१,००० रुपये जादा भरून मुदत कमी करता येते. जादा भरायचा दरवाजा कधी बंद होत नाही, पण लकवा झालेला हात सहज परत मिळत नाही.

शरीराचाही हप्ता असतो

बँकेचा हप्ता चुकला की फोन येतो. शरीराचा हप्ता चुकला तर कुणी फोन करत नाही, ते एकदम वसुली करते. म्हणून घराच्या हप्त्याच्या तारखेलाच शरीराचा हप्ताही लिहून ठेवा.

महिन्यातून एकदा रक्तदाब. १४०/९० किंवा त्याहून जास्त वारंवार येत असेल तर औषध लागते आणि ते रोज लागते. बरे वाटते म्हणून बंद करायचे नाही, डोके दुखले तेव्हाच घ्यायचे असेही नाही. वर्षातून एकदा उपाशीपोटी साखर. १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर धाप, चक्कर, पायात गोळे येतात. ते "दुःखाने आलेला अशक्तपणा" म्हणून सोडून देऊ नका. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, पाळीत खूप जाते किंवा छातीत गाठ लागते, तर त्याच आठवड्यात दाखवा.

यातले बरेचसे फुकट होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आरोग्य उपकेंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांची रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मोठे आजारपण आले तर रेशनकार्डावर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ही योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली त्यात आपला धुळे जिल्हा होता. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे आणि जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. दाखल होतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्डावरून मयताचे नाव कमी करून तुमचे नाव कुटुंबप्रमुख म्हणून आत्ताच लावून घ्या, आजारपणात धावपळ होते.

जेवणाचेही सांगते. हप्ता भरण्यासाठी बाया स्वतःचे ताट आधी कापतात. मुलांना वाढून उरले तर खातात आणि भूक मारायला मिश्री लावतात. मिश्री म्हणजे तंबाखूच. ती भूक दाबते आणि तोंडाचा कर्करोग देते. कळण्याची भाकरी, दाळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा यात तुमची ताकद आहे, आणि हा खर्च घरखर्चाच्या पहिल्या ओळीत लिहायचा.

आणि मनाचे. नवरा जाऊन काही महिने झोप न लागणे, रडू येणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस काहीच करावेसे वाटत नाही, हप्त्याची तारीख आली की छाती धडधडते, मरणाचे विचार येतात, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते, मराठीतही. "माझ्या विम्याने तरी कर्ज फिटेल" असे कुणी बाई थट्टेतही बोलली, तर तिला त्या रात्री एकटी झोपू देऊ नका.

मुलांची शाळाही हप्त्यात घालू नका. दहावीनंतर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. सोळा वर्षांच्या पोराला कामाला लावून कर्ज दोन वर्षे आधी फिटेल, पण तो आयुष्यभर बापाच्याच रोजंदारीवर राहील.

हप्ता चुकला तर

एक हप्ता चुकला म्हणून कुणी दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लावत नाही. ९० दिवस थकले की खाते थकीत ठरते. त्यानंतर ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, मग पुढची कारवाई. या काळात बँकेला लेखी अर्ज द्या. पतीच्या निधनाचा दाखला जोडा, आजचे उत्पन्न लिहा आणि हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची परवानगी नाही, शिवीगाळ करायची तर मुळीच नाही. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, माहितीसाठी फोन १४४४८. नोटीस आली की ती पत्र्याच्या पेटीत ठेवू नका. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात घेऊन जा. स्त्री म्हणून आणि अनुसूचित जातीची म्हणूनही तुम्हाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्यांचा क्रमांक १५१००.

फिटले की कागद

शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपले नाही. बँकेकडून बेबाकीचा दाखला घ्या. मूळ खरेदीखत आणि सगळे कागद कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत परत द्यायचे आणि उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. मग सातबारा किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरचा बोजा कमी करून घ्या आणि वारसांची नावे लावा. महापालिकेच्या घरपट्टीवरही तुमचे नाव आले पाहिजे. हे राहिले तर मुलांना पुढे घर दुरुस्तीसाठी साधे कर्जही मिळत नाही.

विहारात एक टेबल

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगजवळच्या लांडोर बंगल्यात राहिले. दर वर्षी त्या दिवशी आपण तिथे जातो. ज्या माणसाने कागद आणि कायदा हातात घेऊन आपल्याला उभे केले, त्याच्या लेकी बँकेच्या कागदाला भिऊन औषध सोडतात, हे आपण थांबवू शकतो.

त्यासाठी मोठी संस्था लागत नाही. प्रत्येक विहारात महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर एक टेबल लावा. एका बाजूला रक्तदाबाचे यंत्र आणि आपल्यातली एखादी परिचारिका किंवा आशाताई. दुसऱ्या बाजूला बँकेचा उतारा वाचता येणारी दोन शिकलेली मुले आणि एक वकील. ज्या बाईचा हप्ता चालू आहे तिने येताना तीन गोष्टी आणायच्या, पासबुक, कर्जाचा कागद आणि गोळ्यांची पट्टी. गोळ्यांची पट्टी आपण आधी पाहू. तारखेप्रमाणे जेवढ्या संपायला हव्यात तेवढ्या संपल्या असतील, तर मग जादा हप्त्याचे बोलू.